वजन किती, हे विचारून भागणार नाही

आरोग्य तपासणीच्या शिबिरात हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा चार नोंदी असतात: उंची, वजन, रक्तदाब आणि बीएमआय, म्हणजे बॉडी मास इंडेक्स. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, बीएमआय २२.८, आणि पुढे ‘नॉर्मल’ असा शेरा. ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवणारा चाळिशीचा गृहस्थ निश्चिंत मनाने घरी जातो. त्याच्या शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर आलेला ताण मात्र चिठ्ठीत कुठेही नोंदलेला नसतो. त्याच्यामागे रांगेत उभा असलेला, हमालीच्या कामाने अंग घडलेला माणूस त्याच गणिताने ‘ओव्हरवेट’ ठरतो आणि जेवण कमी करण्याचा सल्ला घेऊन परततो. या दोघांपैकी कोणाची साखर आधी तपासायला हवी, हे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही नुसत्या डोळ्यांनी सांगता आले असते. आपल्या समाजात माणसाचे वजन निरोगी आहे की नाही, हे केवळ वजन आणि उंचीच्या गुणोत्तरावरून ठरवणे ही सार्वजनिक आरोग्यातील चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कंबरेचा घेर आणि वजनाची दिशा, म्हणजे गेल्या वर्षभरात ते कोणत्या बाजूला सरकले, या दोन नोंदी त्याच चिठ्ठीवर असल्या पाहिजेत आणि निष्कर्ष तिन्ही मिळून काढला गेला पाहिजे.

बीएमआयचे गणित शाळकरी मुलालाही जमेल असे आहे. किलोंमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, एवढेच. पण हे सूत्र कोणा वैद्याने रुग्ण तपासताना शोधलेले नाही. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा शोध घेत होते, आणि त्या ओघात त्यांनी प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे नोंदवून ठेवले. लठ्ठपणाशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. लठ्ठपणाची चिंता पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेतील विमा कंपन्यांना लागली, कारण कोणता पॉलिसीधारक लवकर मरेल हा त्यांच्या धंद्याचाच प्रश्न होता. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४० च्या दशकात आणि पुन्हा १९५९ मध्ये उंचीनुसार इष्ट वजनांचे तक्ते काढले आणि ते जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवरून निरनिराळी सूत्रे पडताळून पाहिली, केतले यांचे सूत्र त्यांतल्या त्यात सोयीचे ठरवले आणि त्याला आजचे नाव दिले. लोकसमूहांची तुलना करण्यासाठी एक सोपे माप निवडणे हा त्या कामाचा हेतू होता. त्या मापावर आखलेल्या रेषाही माणसांनीच ठरवलेल्या आहेत. १९९८ साली अमेरिकेत जास्त वजनाची रेषा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ होती, ती दोघांसाठी २५ वर आणली गेली, आणि कोट्यवधी माणसे एक ग्रॅमही न वाढता एका दिवसात जाड ठरली.

हा इतिहास सांगण्याचा उद्देश बीएमआयला निकालात काढणे हा नाही. एका जिल्ह्यातील लाखभर लोकांचे वजन दहा वर्षांत कसे बदलले हे पाहायचे असेल, तर इतके स्वस्त आणि इतके सरळ माप दुसरे नाही. अडचण येते ती लाखांसाठी केलेली चाळणी एका माणसावर न्यायनिवाड्यासारखी चालवल्यावर. पूर्वी मुंबईच्या रेल्वे फलाटांवर रंगीत दिव्यांचे काटे असत. नाणे टाकले की जाड कागदाचे तिकीट खाली पडे, त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले असे. शिबिरातील ‘नॉर्मल’ हा शेरा मला पुष्कळदा त्या तिकिटाच्या मागच्या बाजूसारखा वाटतो.

आपल्याकडे हा शेरा विशेष फसवा का ठरतो, याचे उत्तर पुण्यातच सापडले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची एक नोंद छापली. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोघांच्या छायाचित्रासह ती प्रसिद्ध झाली. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे जगातील कोणत्याही तक्त्यात निर्दोष. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या नोंदीला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणतात. एकच आकडा, आणि त्याखाली दोन पूर्णपणे वेगळी शरीरे. वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट इतक्या मोजक्या शब्दांत, आणि तीही स्वतःची चरबी चव्हाट्यावर मांडून, क्वचितच कोणी सांगितली असेल.

त्याआधीच पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास सुरू केला होता. त्यातून आलेला निष्कर्ष आणखी खोलवर जाणारा आहे. या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो. वजनातील ही तूट सगळ्या अवयवांत सारखी वाटली गेलेली नव्हती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, परंतु पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखली गेली होती. म्हणजे बारीक दिसणारे बाळ आतून मेदयुक्त होते. सडपातळ अंगावर सुटलेले पोट हे आपण ऐन चाळिशीतील बैठ्या कामाचे आणि रात्री उशिराच्या जेवणाचे फळ मानतो; ते काही अंशी खरेही आहे, परंतु त्या शरीराचा आराखडा आईच्या पोटातच आखला गेलेला असतो, असे ही बाळे सांगतात. याचे श्रेय किती वंशाला आणि किती पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांना द्यायचे, यावर तज्ज्ञांत वाद आहे. वाद कसाही सुटो, आज तपासणीच्या रांगेत उभे असलेले शरीर ते आहे.

चरबी किती आहे याइतकेच ती कुठे साठली आहे यालाही महत्त्व आहे. मांड्या, नितंब आणि त्वचेखाली साठणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी असते; ती शरीराचे कोठारच असते. या कोठाराची क्षमता संपली, की जादा मेद यकृतात, स्वादुपिंडाभोवती, आतड्यांच्या पडद्यांत जाऊन बसतो, आणि तिथे गेल्यावर इन्शुलिनचे काम बिघडवतो. आपल्या लोकांत ही क्षमता लवकर संपते, असे अनेक अभ्यासांतून दिसते. म्हणूनच ज्या वजनाला इंग्लंडमधला माणूस ठणठणीत असतो, त्याच वजनाला इथला माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असू शकतो, आणि त्याला स्वतःला त्याची गंधवार्ताही नसते, कारण घरचे त्याला ‘काडीपैलवान’ म्हणत आलेले असतात.

हे तज्ज्ञांना ठाऊक नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या अतिरिक्त रेषा सुचवल्या. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन १८ ते २२.९ हा निरोगी पट्टा, २३ ते २४.९ जास्त वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा, अशी मांडणी केली. कंबरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा घालून दिली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २५ हीच राहते, आणि बाजारात मिळणाऱ्या वजनकाट्यांची मोबाइल अॅप्स, व्यायामशाळांची यंत्रे आणि कित्येक प्रयोगशाळांचे छापील अहवालही तीच रेषा दाखवतात. उंची १७० सेंटिमीटर असलेल्या पुरुषासाठी २३ आणि २५ या दोन रेषांमधील अंतर पावणेसहा किलोंचे आहे. एवढ्या पट्ट्यात सापडलेल्या माणसाला एक अहवाल ‘काळजी नसावी’ म्हणतो आणि दुसरा ‘सावध व्हा’ म्हणतो. ज्येष्ठ डॉक्टरांकडून ऐकलेला ‘सेंटिमीटरमधील उंचीतून शंभर वजा करा’ हा फ्रेंच शल्यविशारद ब्रोका यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळाही असाच दगा देतो: दीडशे सेंटिमीटर उंचीला तो बीएमआय २२ च्या आसपास नेतो, तर एकशे ऐंशीला थेट पंचविसाच्या दारात.

आकडे चुकीच्या संदर्भात वाचण्याची आपली हौसही दांडगी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये आहाराच्या गरजा ठरवण्यासाठी धरलेल्या संदर्भ-पुरुषाचे वजन ६० वरून ६५ किलो केले आणि संदर्भ-स्त्रीचे ५५ किलो धरले, तेव्हा ‘भारतीयांचे आदर्श वजन पाच किलोंनी वाढले’ अशा बातम्या झळकल्या. त्या संदर्भ-पुरुषाची उंची १७७ सेंटिमीटर आणि स्त्रीची १६२ सेंटिमीटर धरली आहे, हे बातमीच्या मथळ्यात मावले नाही. पाच फूट उंचीच्या कितीजणींनी त्या दिवशी ५५ हे आपले हक्काचे वजन मानले असेल, कोण जाणे.

आता कंबर मोजणाऱ्या टेपेविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या मधुमेहाविषयीच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एक लाखाहून अधिक प्रौढांच्या तपासणीवर आधारलेल्या या अभ्यासात बीएमआयच्या २५ या रेषेने २८.६ टक्के लोक लठ्ठ ठरले; कंबरेच्या ९० आणि ८० सेंटिमीटरच्या मर्यादांनी पाहिले, तर ३९.५ टक्के लोकांचे पोट सुटलेले होते. या दोन आकड्यांची साधी वजाबाकी करा. शंभर प्रौढांमागे किमान दहा-अकरा जण असे आहेत, की ज्यांना काट्याने सोडून दिले आणि टेपेने पकडले. प्रत्यक्षात ते अधिकच असणार, कारण काट्याने पकडलेले सगळेच टेपेत सापडतात असे नाही. त्याच अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले. एवढ्या मोठ्या जमावाला ‘नॉर्मल’चा शेरा देऊन घरी पाठवणे परवडणारे नाही.

गंमत अशी की, सरकारी यंत्रणेतील सर्वांत खालच्या पायरीवर ही गोष्ट कागदोपत्री तरी मान्य झालेली आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या घरी जाऊन आशा ताई जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजारांचा इतिहास यांना गुण आहेत. या गुणांकनात वजनाला स्थानच नाही. पुरुषाचा घेर ९० च्या आत असेल तर शून्य, शंभरापर्यंत एक, त्यापुढे दोन. स्त्रीसाठी ८० आणि ९० या पायऱ्या. बेरीज चारच्या वर गेली, की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी पाठवायचे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तयार केलेली मधुमेहाच्या धोक्याची भारतीय गुणपत्रिकाही वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी विचारते. म्हणजे उपकेंद्राच्या हद्दीत, उन्हातान्हात फिरणाऱ्या आशा ताईच्या पिशवीत टेप असणे अपेक्षित आहे, आणि शहरातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेतील हजारो रुपयांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये चाळीस तपासण्या असूनही ती नसते. टेपेचे वेगळे बिल लावता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

घेर मोजणे दिसते तितके सोपे नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. शेवटची बरगडी आणि कमरेचे वरचे हाड यांच्या मध्यावर, माणूस सरळ उभा असताना, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, टेप त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धरायची असते. पुरुष आपली कंबर सांगताना पँटचा नंबर सांगतात, आणि पोट वाढले तरी तो नंबर वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण पँट पोटाखाली सरकते. जुना शिंपी माप घेताना विचारतो, ‘साहेब, पँट कुठे घालता? बेंबीवर की खाली?’ त्या प्रश्नात जे कळते ते ३४ या आकड्यात कळत नाही. स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. साडीच्या निऱ्या, परकराची नाडी आणि खोचलेला पदर यांच्यावरून टेप फिरवली, तर काही सेंटिमीटर उगाचच वाढतात; आणि समाजमंदिराच्या मोकळ्या सभागृहात, टेबलामागे बसलेल्या पुरुष कर्मचाऱ्याने ते माप घ्यावे, अशी अपेक्षा कोणतीही बाई मान्य करणार नाही. मग अंदाजाने आकडा लिहिला जातो. अशा आकड्यांपेक्षा काटा बरा, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण त्यावरचा उपाय पडद्याची सोय आणि तासाभराचे प्रशिक्षण हा आहे; माप सोडून देणे हा नाही.

सरसकट सगळ्यांना ९० आणि ८० लावण्यापेक्षा ‘कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी’ हा नियम मला अधिक पटतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये तोच नागरिकांसाठी स्वीकारला. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईला ८० ची मर्यादा सैल पडते; तिच्यासाठी ७५ हा आकडा अधिक प्रामाणिक आहे, आणि आपल्याकडे एवढ्या उंचीच्या बायका लाखोंनी आहेत. शिवाय या नियमाला तक्ता लागत नाही. उंचीएवढी दोरी घ्यावी, ती दुमडावी आणि कमरेभोवती फिरवून पाहावी. दोन्ही टोके भेटली नाहीत, तर डॉक्टरांकडे जावे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे घरी करता येते.

याहून गंभीर आक्षेप असा, की रेषा खाली ओढल्या आणि टेपही आणली, तर निम्मे शहर आजारी ठरेल आणि त्याचा फायदा औषधवाल्यांना होईल. ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारे इंजेक्शन आणि त्यानंतर काही महिन्यांत वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले, आणि लग्नसराईआधी ‘थोडे उतरवून घ्यावे’ म्हणून इंजेक्शनांची चौकशी करणारी मंडळी आता सगळ्यांच्या ओळखीत आहेत. परंतु ही औषधे कोणाला द्यायची याचे निकष पुन्हा बीएमआयवरच बेतलेले आहेत: तीस किंवा त्याहून अधिक, अथवा सत्तावीस आणि सोबत एखादा आजार. म्हणजे आकड्याच्या हुकमतीने औषधांचा वापर आवरला जातो असे म्हणता येत नाही. उलट तो आकडाच दार उघडतो. शिवाय झपाट्याने वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्या शरीरात स्नायू जन्मापासूनच बेताचे आहेत, त्याने दहा किलो गमावल्याचा आनंद साजरा करण्यापूर्वी काय गमावले हे विचारायला नको का? काटा याचे उत्तर देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने लठ्ठपणाचे निदान केवळ बीएमआयवर करू नये, घेरासारख्या दुसऱ्या मापाने त्याची खातरजमा करावी आणि मेदामुळे अवयवांचे कार्य बिघडले आहे की नाही यावरून आजार ठरवावा, अशी शिफारस केली. मला ती विवेकाची वाटते. रेषा ओलांडणे म्हणजे आजारी पडणे, असे समीकरण सोडून दिले, की रेषा खाली आणण्याची भीती उरत नाही. २३ च्या पुढे गेलेल्या माणसाला गोळी द्यायची नसते, त्याची साखर आणि रक्तदाब पाहायचा असतो.

आतापर्यंतची चर्चा जादा वजनाची झाली, आणि शहरी वाचकाला तेवढीच ऐकायची सवयही आहे. पण महाराष्ट्रात निरोगी पट्ट्याची खालची कडा तितकीच महत्त्वाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष बीएमआयच्या १८.५ या आंतरराष्ट्रीय रेषेच्या खाली आढळले, आणि २५ च्या वरच्या स्त्रिया २४ टक्के, पुरुष २२.९ टक्के. राज्यातही साधारण पाचांतील एक स्त्री अशी कृश आहे. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, ही दोन्ही टोके नांदतात: जावयाला पथ्याची पोळी आणि सुनेच्या ताटात उरलेसुरले. ‘पाप्याचे पितर’ म्हणून हसण्यावारी नेलेले बारीकपण क्षयरोगाला आयते निमंत्रण असते. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत क्षयरुग्णांना औषधांबरोबर धान्य, डाळ, दूध भुकटी आणि तेल दिले गेले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. रुग्णांच्या घरच्यांना शिधा दिला, तर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाणही बरेच घटले. इथे काटा हेच सर्वांत मोलाचे साधन आहे, आणि टेपेचा उपयोग मर्यादित आहे.

म्हणूनच वजनाची दिशा ही तिसरी नोंद मला अनिवार्य वाटते. सहा महिने ते वर्षभरात, काहीही प्रयत्न न करता, वजन पाच टक्क्यांनी उतरले असेल, तर ते कितीही ‘नॉर्मल’ पट्ट्यात असो, कारण शोधलेच पाहिजे. क्षय, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड, कर्करोग, नैराश्य, दातांअभावी न होणारे जेवण, यांपैकी काहीही असू शकते. आपल्याकडे मात्र सत्तरीच्या आजोबांचे वजन ६० वरून ५६ वर आले, की नातेवाईक ‘छान, अंग हलके झाले’ म्हणतात. म्हातारपणी स्नायू झिजतात, उंचीही थोडी घटते, पायांवर सूज येते. या साऱ्यांत एका दिवशीचा बीएमआय जवळजवळ निरर्थक होतो. त्याउलट तरुणपणीच्या वजनात हळूहळू पडलेली भर, विसाव्या वर्षी ५५ आणि चाळिसाव्या वर्षी ६८, ही पट्ट्याच्या आत असली तरी बहुतांशी चरबीचीच भर असते. चिठ्ठीवर मागच्या वर्षीचे वजन लिहायला एक रकाना पुरतो. दररोज सकाळी काट्यावर चढून दोनशे ग्रॅमवरून दिवसाचा मूड ठरवणाऱ्यांसाठी मात्र ही सूचना नाही. पाणी, मीठ आणि आदल्या रात्रीचे जेवण यांनी वजन एक-दोन किलो इकडे-तिकडे होतच असते.

मुलांना मोठ्यांचे आकडे लावूच नयेत. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वाढीचे तक्ते आहेत, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये काढलेल्या तक्त्यांत, ज्यांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रणी होते, प्रौढांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषाच आखून दिल्या आहेत. ‘सुदृढ बालक’ स्पर्धेत गुबगुबीत गाल जिंकतात, ही आपली जुनी दृष्टी बदलायला वेळ लागेल. कमी वजनाच्या बाळाला वर्षभरात बाळसे धरायला लावण्याची घाई त्याच्या पुढील आयुष्यासाठी हितकारक असतेच असे नाही, हे आजीला पटवणे डॉक्टरांनाही जड जाते. शाळांतील तपासणीत मुलीचे वजन वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत मात्र उद्यापासून बंद करता येईल. त्यासाठी कोणत्याही अभ्यासाची वाट पाहण्याची गरज नाही.

मागणी, म्हणून, फार मोठी नाही. महापालिकांची आणि जिल्हा परिषदांची शिबिरे, कंपन्यांच्या वार्षिक तपासण्या आणि खासगी प्रयोगशाळांची पॅकेजे, या सर्वांच्या अहवालात बीएमआयपुढील रेषा भारतीय असावी, त्याशेजारी कंबर आणि उंची यांचे प्रमाण असावे, आणि मागील नोंदीशी तुलना असावी. ‘नॉर्मल’, ‘ओव्हरवेट’ असे शेरे काढून टाकावेत. त्यांच्या जागी पुढे कोणती तपासणी करायची हे लिहावे. विमा कंपन्या आजही अर्जात केवळ उंची आणि वजन विचारून हप्ता वाढवतात. त्यांनी घेराची नोंद घ्यावी, म्हणजे निदान कष्टाने घडलेल्या शरीराला दंड तरी बसणार नाही. घेर मोजण्यासाठी शिबिरात स्त्री कर्मचारी आणि आडोसा असल्याशिवाय शिबिराला परवानगी देऊ नये. आणि ज्याचे माप रेषेबाहेर गेले आहे, त्याच्या चिठ्ठीवर सल्ल्याच्या चार ओळींऐवजी उपाशीपोटी साखर कुठे तपासायची ते ठिकाण आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला यायची तारीख लिहिलेली असावी.